दहा मोजेपर्यंत

"पालकांनी गेटबाहेर थांबायचं असतं," मी जिन्यातच त्या अनोळखी गृहस्थांना अडवलं. त्या घाईत हातातला डबा निसटला आणि माझ्या पुठ्ठ्याच्या लाल-हिरव्या पट्ट्या थेट त्यांच्या बुटांपर्यंत पसरल्या.

ते खाली बसून एकेक गोळा करू लागले. "या कशासाठी?"

"वर्गातल्या मुलांसाठी. हिरवी म्हणजे खुशाल विचारा. मन थाऱ्यावर नसेल त्यानं बाकावर लाल ठेवायची. त्या दिवशी त्याला प्रश्न नाही."

"मग आळशी पोरं रोज लालच ठेवत असतील!"

"तुम्ही ठेवली असती वाटतं?"

ते हसले. गालाला खळी पडते हे माझ्या लगेच लक्षात आलं — आणि स्वतःचाच राग आला.

पाचच मिनिटांत मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, त्याच खळीला घेऊन माझ्या सहावीच्या वर्गात हजर! "हे तपासनीस. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते यांच्या अहवालावर ठरेल." माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी अपूर्णांकाचा प्रश्न विचारला आणि मनात मोजू लागले. माझ्या वर्गात दहा होईपर्यंत कुणी उत्तर द्यायचं नाही, हुशारांनीसुद्धा नाही. सावकाश विचार करणाऱ्यांना तेवढीच सवड मिळते. पण मागे कुणी परीक्षक बसला की ते दहा आकडे संपता संपत नाहीत. चार... पाच... त्यांचं पेन कागदावर टेकलं.

मोठ्या बाईंना राहवेना. "अहो, किती वेळ गप्प? ए खिडकीजवळची, तू सांग!"

खिडकीजवळ आमची चिमणी बसते. आईवडील वेगळे झाल्यापासून ती महिनाभर नीट बोललेली नाही. बाकावर लाल पट्टी होती. ती उभी राहिली, ओठ थरथरले, डोळे काठोकाठ भरले.

मी तोंड बंद ठेवलं असतं तर नोकरी शाबूत राहिली असती. कळत होतं मला.

"माफ करा बाई," मी मध्येच म्हटलं, "तिची लाल पट्टी आहे. आज तिला कुणीही विचारायचं नाही. बस बाळा."

मोठ्या बाई फणकाऱ्याने बाहेर गेल्या. तपासनीस मान खाली घालून लिहीतच राहिले. झालं! आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

शाळा सुटल्यावर मी फळा पुसत होते, तर दारात ते.

"पालकांनी आत यावं का?"

मला हसू येईना. "काय लिहिलंत?"

त्यांनी अहवालाची प्रत पुढे केली. शेवटी लिहिलं होतं — 'दहा मोजण्याची आणि लाल पट्टीची पद्धत सर्व वर्गांत सुरू करावी. शिक्षिकेस कायम करावे.' मी ते दोनदा वाचलं आणि मग घळाघळा रडले. लाज वाटली, पण रडले.

ते थांबले. मग पेनचं टोपण उगाच काढत-लावत म्हणाले, "अहवाल दुपारीच पाठवलाय. म्हणजे आता विचारतोय ते तपासनीस म्हणून नाही... उद्या माझ्याबरोबर चहाला याल? लाल पट्टी दाखवलीत, तर पुन्हा विचारणार नाही."

मी गप्प. खळी हळूहळू मावळली.

"नको असेल तर —"

"श्श! सहाच झालेत."

उत्तर केव्हाचं तयार होतं हो! पण नियम म्हणजे नियम. सात... आठ... बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम... नऊ...

"दहा," मी म्हटलं, आणि डब्यातली हिरवी पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली.