दुसऱ्या मजल्यावरची लाइन

कल्याणच्या पारनाक्याजवळ एका जुन्या दगडी इमारतीत साकेत भाड्याने राहायला आला तो तिथली उंच छतं आणि लाकडी खिडक्या बघून. घरात इंटरनेट येत नाही, हे त्याला नंतर कळलं. इमारत वारसा यादीत होती. भिंतीला भोक पाडायचं नाही, दर्शनी बाजूने वायर न्यायची नाही, असा नियम. तीन कंपन्यांची माणसं आली, वर बघून निघून गेली.

डिसेंबरातल्या एका सकाळी तो खालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला, तर दारातच एक मुलगी मांडी घालून बसली होती. इंटरनेटची केसासारखी बारीक तार ती छोट्या यंत्रात धरून जोडत होती. मान वर न करताच तिने त्याला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं.

तो झाला. मग वर दुसऱ्या मजल्यावर कनेक्शन मिळेल का, असं त्याने विचारलं.

"बघावं लागेल," ती म्हणाली आणि आता कुठे तिने वर पाहिलं... जरा जास्तच वेळ.

ती जागृती. तिचे वडील गोपीनाथ म्हात्रे यांचा कळव्याला केबलचा धंदा होता, निम्मा आता तीच सांभाळायची. पाहणीला ती चार वेळा आली. एकदाच पुरलं असतं, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. ती चढायची, साकेत शिडी धरायचा. पहिल्या मजल्यावरच्या घरमालकीण सुहासिनीबाई तिला चहा द्यायच्या. पुढेपुढे त्यांनी गच्चीची किल्लीही तिच्याकडे दिली. तिसऱ्या खेपेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

पण परवानगीच्या अर्जाला नकाशा लागत होता, आणि वायर न्यायची कुठून हेच ठरत नव्हतं. त्यात साकेतच्या ऑफिसने कळवलं की महिनाअखेर घरी पक्की लाइन नसेल, तर एक तारखेला हैदराबादला रुजू व्हा.

सुहासिनीबाई दोन दिवस बहिणीकडे गेल्या, तेव्हा साकेत हळूच म्हणाला, "आत्ता एक भोक पाड ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," जागृती म्हणाली. "त्यांनी किल्ली माझ्या हातात दिलीय."

"तुझं काय जातंय? तुझं घर आहे इथे."

तिने ड्रिल पिशवीत भरलं आणि ती जिना उतरून गेली.

रात्रभर त्याला स्वतःचंच बोलणं आठवत राहिलं. दुसऱ्या दिवशी पत्ता विचारत तो कळव्याला पोचला. गोपीनाथरावांनी त्याला आपादमस्तक पाहिलं, मुलीला हाक मारली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

"मी लाइनसाठी नाही आलो," साकेत म्हणाला. "हैदराबादला येतो असं कळवलंय मी ऑफिसला. काल जे बोललो ते... चुकलं माझं."

टेबलावरचा कागद जागृतीने त्याच्यापुढे सरकवला. पूर्वी नळ जिथून आत यायचा, ती मागच्या मोरीच्या भिंतीतली बंद पडलेली वाट तिने पेन्सिलीने काढली होती. नवं भोक पाडायची गरजच नव्हती.

"काल इथे आल्यावर सुचलं," ती म्हणाली. "रागात डोकं बरं चालतं माझं."

सुहासिनीबाईंच्या सहीने अर्ज गेला, अधिकारी येऊन भिंत बघून गेले, आणि अठ्ठावीस तारखेला मोरीतून वायर आत आली. दुपारी डबीवरचा हिरवा दिवा लागला. जागृतीने फॉर्म काढला. प्लॅन तीन महिन्यांचा करायचा की सहा, तिने विचारलं. डोळे कागदावरच होते.

"वर्षाचा."

"आणि हैदराबाद?"

"सकाळीच नाही म्हणून कळवलं."

"सकाळी? लाइन तर आत्ता चालू झाली. नसती झाली तर?"

"तर दुसरी नोकरी शोधली असती. इथेच." तो थांबला. "तू इथे आहेस, जागृती... म्हणून."

तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"रविवारी सुट्टी असते तुला?" त्याने विचारलं.

"नसते," जागृती म्हणाली. फॉर्मची घडी घालून पिशवीत ठेवताना तिला हसू आवरलं नाही. "पण या रविवारी घेते."