काठोकाठ तांब्या

बुलेट बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा ज्योत्स्ना त्याच बुलेटसकट सोयाबीनच्या भुसकटात रुतून बसली होती.

"लागलं का हो?" तो धावत आला. हसू दाबता दाबता बिचाऱ्याच्या नाकीनऊ आले होते.

"हसा की! ब्रेक दाबला तर मेली थांबायचं सोडून पुढंच पळाली."

"ब्रेक न्हाई, गियर दाबला तुम्ही. ह्या जुन्या गाडीचा गियर उजव्या पायाला असतो, ब्रेक डाव्या. मलाबी उस्तादांनी हिच्यावरच शिकवलं. पहिल्या दिवशी मी बाभळीत गेल्तो!"

उस्ताद म्हणजे संपत, ज्योत्स्नाचे बाबा. भाड्याची जीप चालवता चालवता त्यांनी आसपासच्या निम्म्या पोरांना ही बुलेट शिकवली. लेकीला मात्र 'पुढच्या सुट्टीत शिकवतो' म्हणत राहिले, आणि दोन वर्षांपूर्वी गेलेच. आई, गिरिजाबाई, म्हणायची, गंजून जाण्यापेक्षा कुणी चालवणारा नेऊ दे. ते ऐकलं की ज्योत्स्नाचा जीव तुटायचा. त्या सीटला अजून बाबांचा वास होता. निदान तिला तरी येत होता.

"रविवारपर्यंत शीक," आईनं तोडगा काढला. "बाबाच्या कायद्यानं. जमलं तर गाडी तुझी, न्हाई तर ह्या धम्मपालची. बिलकुल रडायचं न्हाई मंग."

बाबांचा कायदा सगळ्या गावाला पाठ होता. मागं बसणाऱ्याच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचा. गियर बदलताना पाणी सांडलं की शिकणारा नापास.

"मागं बसणार कोण?" ज्योत्स्नानं विचारलं.

"मीच की," धम्मपाल म्हणाला. "घनसावंगीला बँकेत असतो. पाचला सुटतो."

"वा! गिऱ्हाईक तुम्हीच, मास्तर तुम्हीच? मुद्दाम चुकीचं शिकवाल!"

"शर्ट माझाच भिजणार आहे, बाई."

आणि भिजला की! रोज संध्याकाळी, कापसाच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर गियर खाडकन पडायचा आणि तांब्यातलं पाणी धम्मपालच्या छातीवर. वेचणीहून परतणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"घाई करून राह्यल्या तुम्ही," तो मागून सांगायचा. "रेस सोडा... क्लच दाबा... आता थांबा, एक श्वास. गाडीला दम घेऊ द्या. मंग टाका."

गाडीला दम घेऊ द्या... अगदी बाबांचेच शब्द! ज्योत्स्नाचे डोळे भरून यायचे, आणि पुसायला हँडल सोडता यायचं नाही. मग ती आरशात बघायची. तिथं तो, ओलाचिंब, तांब्या सांभाळत तिच्याकडेच बघत असायचा. नजर भिडली की दुसरा गियर हमखास चुकायचा.

शुक्रवारी तिनं विचारलंच, "तुम्हाला कशाला हवी हो ही गाडी?"

"पहिल्या पगारापासून मनात आहे. उस्तादांची आठवण म्हणून."

"मंग मला एवढं मनापासून का शिकवता?"

"ते... सांगतो कधी तरी. समोर बघा, म्हैस आली."

रविवारी आई ओट्यावर उभी राहिली. फाट्यापर्यंत जाऊन यायचं होतं. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा तर कधी पडला ते तिलाही कळलं नाही. फाट्यावरून वळून परत चौथा टाकला, तरी तांब्या काठोकाठच. बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं तिला फार फार वाटलं.

"अहो," गाव दिसू लागल्यावर ती हळूच म्हणाली, "गाडी माझीच राहिली... तर उद्यापासून तुम्ही यायचे न्हाईत का?"

मागं तांब्या कलंडला. पाठीवर गारेगार पाणी आलं.

अंगणात उतरल्यावर आईनं तिचा भिजलेला कुडता बघितला. "सांडलं ना गं, बाई..."

ज्योत्स्नानं ओठ घट्ट मिटले आणि किल्ली त्याच्यापुढं धरली. कायदा म्हणजे कायदा.

त्यानं हात पुढं केलाच नाही. "काकू, गियरनं न्हाई सांडलं. गाडी चौथ्यात बराबर चालली होती. हात माझा हलला."

"तो का म्हणून?"

धम्मपाल थांबला. एक श्वास घेतला.

"ह्यांनी विचारलं, उद्यापासून येणार न्हाई का म्हणून... आणि मला तर जन्मभर यायचंय."

गिरिजाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. "उस्ताद असते तर तुलाच नापास केलं असतं," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

ज्योत्स्नानं किल्ली मुठीत मिटली, किक मारली. "बसा मागं."

"पण आता धरायला तांब्या न्हाई..."

"मंग?" आरशात बघत ती म्हणाली. "खांदा आहे की."