बेटावरची हाळी

अरे, जेवण राहू दे, आधी हे ऐक! काल रात्री इथे कर्जतला आबाजीकाकांनी ओटीवर बसून सांगितलं, अंगावरचा काटा अजून गेलेला नाही. खरं आहे म्हणे. त्यांच्या मावसबहिणीच्या, जनीच्या बाबतीत घडलेलं.

कर्जतच्या खालच्या अंगाला उल्हास नदीत एक बेट आहे. मधे भाताची खाचरं, कडेने करंज, आणि चार कोपऱ्यांत चार घरं: जनीचं, धाकलूचं, पारूचं, हिरूचं. इतकी लांब लांब, की दिवेलागणीला एकमेकांना हाळी द्यायची. "हाय का रं?" "हाय!" सगळ्यांचं उत्तर आलं, की मग जेवायला बसायचं.

बेचाळीस सालची पिठोरी अमावास्या. नदी चढली म्हणून सगळे पलीकडे गेले. जनीचा नवरा गुरं पोचवायला गेला नि पाणी वाढून तिकडेच अडकला. जनी मात्र मुद्दाम राहिलेली. खोत टपून होता ना, बेट ओस पडलं की जमीन माझी! ती चुलीत लाकडं सारत होती, तेवढ्यात पलीकडच्या काठावर कंदील हलला. खोताचा माणूस, जैतू.

"बेटावर कोन हाय?"

"समदी हाव!"

"खोटारडे! एकटी हायस तू. उद्या नांगर घालतो बघ."

"घाल की! आदी पवायला शीक, मेल्या!"

"समदी हायत, तर दे हाळी. आयकू दे मला."

जनीने पदर खोचला नि खच्चून ओरडली, "हाय का रं?"

पाणी... नुसतं पाणी.

मग धाकलूच्या बंद घरातून... "हाय."

पारूच्या घरातून... "हाय."

हिरूच्या घरातून बाईचा आवाज. "हाय गं, जने..."

हिरू तर एकटाच राहायचा.

काठावर कंदील पडला. विझला. जैतू पळाला.

जनी कुठे पळणार? चारी बाजूंनी पूर. तरी पेटतं लाकूड घेऊन दारात आली.

"कोन बी असा! ऱ्हायचं तर ऱ्हावा. पन मी हितनं हलनार नाय!"

ती उजाडेपर्यंत तशीच उभी.

पाणी ओसरलं, माणसं परतली, कुलपं काढली. तिन्ही घरांत जमीन ताजी सारवलेली. ओली. बोटांच्या ओळी दिसत होत्या... आणि गुरं तर सगळी पलीकडे. बेटावर सारवायला शेणाचा पो नव्हता.

जनी पुढेही तिथेच राहिली. माणसं परतली त्याच संध्याकाळी तिने पुन्हा हाळी दिली म्हणे. तू असतास तर दिली असतीस का रे?