समुद्राकडचा आकाशकंदील

हे मी कुठे वाचलेलं नाही, कुणाच्या तोंडून ऐकलेलंही नाही. मी तिथे होते. माझं वय शहात्तर असलं तरी कान अजून शाबूत आहेत. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

२०२४ सालची धनत्रयोदशी. २९ ऑक्टोबर, मंगळवार. जागा जर्मनीच्या उत्तर समुद्राचा किनारा. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

माझा मुलगा प्रताप इंगोलश्टाटला असतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सून देवश्री सॉफ्टवेअरमध्ये. नात वल्लरी तेव्हा सात वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. यजमान गेल्यापासून मी वर्षातले सहा महिने त्यांच्याकडे असते.

त्या वर्षी शाळेच्या सुट्टीतच दिवाळी आली. प्रताप म्हणाला, "आई, तुझं लहानपण समुद्राकाठी गेलं ना? चल, या वेळी समुद्रावर दिवाळी करू."

मला भरून आलं. मी विजयदुर्गची. माझे वडील, आप्पा, गलबतावर तांडेल होते, म्हणजे कप्तान. शिडाचं गलबत. कौलं आणि नारळ भरून मुंबईला जायचे. कार्तिक महिन्यात माझी आई दारातल्या माडावर दोरीनं कंदील चढवायची. आप्पा म्हणायचे, "खाडीच्या तोंडाशी आलो की शंभर दिव्यांत आपला दिवा ओळखतो मी."

प्रतापनं वल्लरीला हाताशी घेऊन आकाशकंदील केला. बांबू कुठला मिळायला? बागेत वेलींना आधार द्यायच्या काठ्या आणल्या. पिवळा पातळ कागद. आत बॅटरीवरचा दिवा. गाडीत दहा तास पोरीनं तो मांडीवर धरला होता. चकल्यांचा डबा माझ्या मांडीवर.

घर समुद्र अडवायच्या बांधाला लागूनच होतं. मालकीण फ्राऊ हार्म्स माझ्याच वयाची, काटक बाई. किल्ल्या देताना तिनं नियम सांगितले. कचऱ्याचे चार डबे वेगळे. ओले बूट बाहेर. दुपारी एक ते तीन आवाज नको.

आणि अंधार पडल्यावर समुद्राकडच्या बाजूला बाहेर दिवा लावायचा नाही.

प्रताप मान डोलावत होता. "जा, जा. गेनाऊ." जर्मनमध्ये हो, हो, अगदी बरोबर.

ती गेल्यावर देवश्रीला हसू आवरेना. "अहो आई, ऐकलंत का? दिव्यालासुद्धा विश्रांतीची वेळ! उद्या म्हणतील, भरतीनंही एक ते तीन यायचं नाही."

मीही हसले. या देशात प्रत्येक गोष्टीला नियम. त्यातलाच हा एक.

"पक्ष्यांसाठी असेल," प्रताप म्हणाला. "एका संध्याकाळच्या दिव्यानं कुठला पक्षी मरतोय?"

समुद्राकडच्या अंगणात झेंड्याची उंच काठी होती. दोरीसकट. कंदिलासाठीच रोवल्यासारखी.

पाचच्या सुमाराला सूर्य बुडाला. ओहोटी होती. तिथली ओहोटी आपल्यासारखी नसते. पाणी नजरेपलीकडे जातं आणि मागे मैलोन् मैल नुसता चिखल उरतो.

प्रतापनं दोरी ओढली. कंदील वर चढला. वल्लरीनं टाळ्या वाजवल्या. मला माझी आई आठवली.

मग धुकं आलं.

समुद्राकडून आलं. बघता बघता अंगणाचं कुंपण दिसेना. फक्त वर कंदिलाचा पिवळा गोळा.

आम्ही आत जाऊन पूजेची तयारी करायला लागलो. खिडकी किलकिली होती. बाहेर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट चालू होता. काठीवर दोरी आपटत होती... टक... टक... टक...

अचानक पक्षी गप्प झाले.

मग दोरीही.

वारा होता. खिडकीचा पडदा हलत होता. पण दोरी वाजत नव्हती. जणू कुणी ती हातात धरली होती...

आणि मग मला तो आवाज आला.

करर्र... करर्र...

लाकडाचा. तो आवाज मी सत्तर वर्षांपूर्वी ऐकलेला. भरलेलं गलबत लाटेवर कलतं तेव्हा डोलकाठी बुडख्यापाशी अशीच कण्हते.

पण बाहेर पाणी नव्हतं. लाट नव्हती. नुसता चिखल.

"प्रताप, ऐकू येतंय का रे?"

"काय?"

"डोलकाठी कण्हतेय. शीड फडफडतंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. त्यालाही ऐकू आलं होतं.

धुक्यातून एक पुरुषी आवाज आला. एकसुरी. काहीतरी ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा. मला जर्मन येत नाही. पण तो काय करत होता ते मला कळलं. आप्पांच्या गलबतावरचा खलाशी दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडून खोली अशीच ओरडून सांगायचा.

प्रत्येक हाक आधीपेक्षा जवळून येत होती.

मग एकदम बऱ्याच माणसांचा गलका झाला. आनंदाचा. कुणीतरी हसलं.

वल्लरी खिडकीशी उभी होती. ती वळून जर्मनमध्ये म्हणाली, "आजी, त्यांना आपला दिवा दिसला! ते विचित्र बोलतात. पण म्हणतायत, दिवा दिसला, बंदर आलं."

देवश्रीनं मला ते मराठीत सांगितलं. 

त्या बाजूला बंदर नव्हतं.

पुढच्या क्षणी घराखालची जमीन हादरली.

लाकूड फुटल्याचा आवाज... एखादं झाड मोडावं तसा, पण संपेचना. काहीतरी प्रचंड उंचावरून कोसळलं. मग किंकाळ्या. किती माणसं होती, देव जाणे. त्यात बायका होत्या. त्यात तान्हं मूल होतं.

"कुणीतरी चिखलात अडकलंय!" प्रताप बूट चढवत होता. "भरती येईल आता."

"प्रताप, थांब. ती माणसं..." पुढचं मला बोलवेना.

"आई, मुलं रडतायत तिथे! देवश्री, तू एकशेबाराला फोन लाव."

तो टॉर्च घेऊन गेला. धुक्यानं त्याला दारातच गिळलं. एक मिनिट टॉर्चचा ठिपका दिसला. मग तोही गेला.

फोनवर बचाववाल्यांनी देवश्रीला बजावलं, कुणीही चिखलात उतरू नका. आम्ही निघालोय, धुक्यामुळे वेळ लागेल.

आणि बाहेर सगळं शांत झालं.

किंकाळ्या एकदम थांबल्या. कुणीतरी सगळ्यांच्या तोंडांवर एकाच वेळी हात ठेवावा तशा.

"प्रताप!" मी अंगणात येऊन ओरडले.



मग... चिखलातून पावलं ऐकू आली. पचक... पचक... एकाची नाही. ओळीनं. डावीकडून, उजवीकडून, समोरून. घाई नव्हती त्यांना.

आणि सगळे मिळून एकच वाक्य म्हणत होते. हळू आवाजात. मघाचा आनंद त्यात उरला नव्हता. कुणावर डूख धरलेला माणूस बोलतो तसं.

वल्लरी माझ्या पदराला बिलगली. भीतीनं पहिल्यांदाच मराठीत बोलली. "आजी, ते विचारतायत, दिवा कुणाचा?"

पुन्हा तेच वाक्य. आता कुंपणापासून.

"सांगू? मी सांगते, आम्ही..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. इतका घट्ट की तिचे दात माझ्या तळव्यात रुतले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच कळलं, की पोरीनं उत्तर द्यायचं नाही.

तिला देवश्रीकडे ढकललं आणि मी काठीकडे धावले. दोरी सोडायला लागले.

"अहो आई, काय करताय!" देवश्रीनं माझं मनगट धरलं. ती कधी माझ्याशी वर आवाजात बोललेली नाही. त्या दिवशी किंचाळली. "दिवा काढू नका! प्रताप बाहेर आहे! धुक्यात त्याला घर कसं सापडेल?"

खरंच होतं. माझ्या मुलाला परत आणणारा तोच एक दिवा होता.

आणि त्यांना आणणाराही तोच.

"देवश्री, हा दिवा असेपर्यंत ते पुढे येत राहतील. तू पूजेतली घंटा आण. धुक्यात आवाजावर येतात माणसं. आमच्याकडे बायका थाळ्या बडवायच्या."

"आणि त्याला ऐकू नाही आली तर?"

मी तिचा हात सोडवला आणि कंदील खाली घेतला. ओली दोरी माझ्या हातांना बर्फासारखी लागली. कागद फाडून दिवा बंद केला.

काळोख.

पावलं थांबली. अगदी जवळ. कुंपणापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं... श्वास नव्हे, नाकातोंडात पाणी गेलेला माणूस घुसमटतो तसं.

मी घंटा वाजवायला लागले. "प्रताप! इकडे! आवाजावर ये!"

देवश्री थाळी बडवत होती. आम्ही दोघी रडत होतो आणि वाजवत होतो. किती वेळ, सांगता येणार नाही. घंटा धरून माझी बोटं आखडली. दूरवर भरतीचं पाणी सरसरत यायला लागलं.

मग धुक्यातून प्रताप आला.

छातीपर्यंत भिजलेला. टॉर्च नाही. एक बूट नाही. देवश्री त्याच्या गळ्यात पडली. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"घंटा ऐकलीस ना रे?" मी विचारलं.

"कुठली घंटा?" तो म्हणाला. "मी दिव्याच्या मागून आलो."

"दिवा तर मी केव्हाच विझवला."

त्यानं माझ्या पायाशी पडलेला फाटका कंदील बघितला, मग वळून धुक्याकडे बघितलं.

बचाववाले आले. त्यांनी मोठे दिवे टाकून शोध घेतला. कुणी हरवलेलं नव्हतं. फुटलेली होडी नव्हती. कुंपणाजवळ, भरतीचं पाणी पोचलं नव्हतं तिथल्या चिखलात फक्त प्रतापची जातानाची पावलं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राऊ हार्म्स आली. तिला कुणीतरी सांगितलं असणार. आत आली नाही. चहा नको म्हणाली. उंबऱ्याबाहेरूनच तुटक बोलली. देवश्री मला सांगत होती.

फार पूर्वी शिडांचं एक मोठं जहाज होतं. देश सोडून निघालेली कुटुंबं होती त्यावर. वादळात या किनाऱ्यावर कुणीतरी दिवा लावला. जहाजाला वाटलं, बंदर. वाळूच्या दांड्यावर चढून फुटलं. दिवा मुद्दाम लावला होता की चुकून, कोण सांगणार? पण सकाळी गावानं वाहून आलेल्या पेट्या घरी नेल्या आणि प्रेतं तशीच राहू दिली.

"आम्ही समुद्राकडे दिवा लावत नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

मग तिनं प्रतापच्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुम्ही त्यांना उत्तर दिलंत का?"

"नाही," प्रताप म्हणाला. फार चटकन म्हणाला.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग निघून गेली. आम्हीही तासाभरात सामान भरलं. लक्ष्मीपूजन इंगोलश्टाटला केलं. त्या संध्याकाळचं नाव घरात कुणी काढलं नाही.

या वर्षी वल्लरीच्या वर्गाला शाळेतून पोहायला नेणार होते. प्रतापनं नकार कळवला. देवश्री भांडली, बाईंनी बोलावून समजावलं. तो ऐकेना. मग त्यानं घरातला बाथटबही काढून टाकला. पोर नदीकाठच्या बागेत जायचं म्हणाली की तिच्यावर ओरडायला लागला. हा माझा मुलगा पोरीशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

एका दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. मी त्याला समोर बसवलं.

"काय झालं होतं तिथे? मला खरं सांग."

तो टेबलावरचा कप फिरवत बोलायला लागला.

"पाणी कमरेपर्यंत आलं होतं, आई. कुठली दिशा कुठे, कळत नव्हतं. ते चारी बाजूंनी उभे होते. चेहरे दिसत नव्हते. विचारत होते, दिवा कुणाचा. मला वाटलं, खरं सांगितलं तर सोडतील..."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझ्या मुलीनं केलाय."

"आणि मग?"

"त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. मग ते बाजूला झाले. एक जण हातात कंदील घेऊन माझ्यापुढे चालायला लागला. थेट आपल्या कुंपणापर्यंत."

कपातला चहा गार झाला होता. तो तोंड झाकून रडत होता, आणि मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवता येईना.

त्या दिवसापासून मी वल्लरीला एक गोष्ट शिकवायला लागले. रोज वेणी घालताना घोकून घ्यायची. तो कंदील कुणी केला? आजीनं. कुणीही विचारू दे, कुठल्याही भाषेत विचारू दे. कुणी केला? आजीनं. माझं वय झालंय. मला न्यायचं तर नेऊ देत.

तिनं मुकाट्यानं चार दिवस म्हटलं.

पाचव्या दिवशी कंटाळून मान सोडवून घेतली. जर्मनमध्येच म्हणाली, पण एवढं मलाही आता कळतं.

"पण आजी, त्यांना माहीत आहे, मी केलाय. बाबांनी सांगितलंय त्यांना."

तिला हे मी सांगितलं नव्हतं. प्रतापनं सांगितलं नव्हतं. देवश्रीला तर अजूनही माहीत नाही.

"तुला कुणी सांगितलं गं?" मी विचारलं.

ती नुसती खिडकीकडे बघत राहिली...

मी आता तिच्याच खोलीत झोपते. झोपते म्हणजे, पडून असते.