दहा पावलं अलीकडे

बस सुटली आणि ती बसमागे धावली. खांद्यावर पर्स, हातात डबा, पायात साध्या चपला! रस्त्यावर धावण्याचा रोजचा सराव करणाऱ्या शिंप्याला तिनं असं मागं टाकलं की तो बघतच राहिला. सहा वर्षं घाम गाळून कमावलेला त्याचा वेग... आणि ही औषधांच्या दुकानातली मुलगी बसच्या दारातून त्याला हसून हात करत होती!

मागून स्कूटरवर येणाऱ्या, त्याच्या क्लबच्या प्रशिक्षकांनीही ते पाहिलं. आठवड्याभरात त्यांनी तिला मैदानावर आणलं. महिन्याभरात ती शिंप्याच्या पुढे धावू लागली.

"देवानं तुझ्या वेळी हात आखडता घेतला रे!" मित्र चिडवायचे. त्याला झोंबायचं. मग तो आणखी दोन फेऱ्या मारायचा. ती पायरीवर थांबायची.

"दमत नाहीस?"

"दमतो की. थांबत नाही, एवढंच."

"मी पुढे जाते... राग येतो?"

"येतो. पण तू वळून बघितलंस की कुठं जातो कोण जाणे!"

ती लाजली, पण नजर काही वळवली नाही.

क्लबच्या मोठ्या शर्यतीत शेवटच्या फेरीला तीच पुढे होती. एकाएकी कूस धरून ती रेंगाळली. शिंप्यानं तिला गाठलं, चेहऱ्याकडे पाहिलं. श्वास अगदी संथ! त्याला सगळं कळलं. रेषेच्या दहा पावलं अलीकडे तो चक्क थांबला. मागचे दोघं पुढे निघून गेले.

"वेडा आहेस का? पदक घालवलंस!"

"तू का थांबलीस?"

"तुला जिंकलेलं बघायचं होतं रे..."

"भीक नको मला! हरेन, पण तुझ्या पुऱ्या वेगाशी. माझे पाय कमी असतील, मी कमी नाही."

तिचे डोळे भरले. "चुकलं माझं. आवडतोस तू... म्हणून झालं."

त्यानं वाकून बुटाची नाडी घट्ट आवळली. मग म्हणाला, "मग चल. एक फेरी. आत्ता, जीव तोडून."

ती बाणासारखी सुटली. तो चाळीस पावलांनी हरला, पण प्रशिक्षकांनी घड्याळ दाखवलं – इतक्या वेगानं तो आजवर धावला नव्हता!

"आता?" तिनं धापा टाकत विचारलं.

"आता रोज." त्यानं तिचा घामेजला हात धरला. "पण लग्नानंतर माझ्यासाठी हळू धावलीस, तर बघ!"

"लग्न? विचारलंस कधी?"

"फेरीभर मागून विचारतच होतो – तू थांबलीस कुठे!"