एक मीटरची रेष

"तिथेच थांबा!"

दारातला सुतार जागच्या जागी थिजला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. घरमालकानं त्याला खिडकी दुरुस्त करायला पाठवलं होतं आणि या बाई तर चोर शिरल्यासारख्या ओरडत होत्या.

"माझ्यापासून एक मीटर लांब राहा," ती ओशाळून म्हणाली. "माझ्या मानेत... बिया आहेत."

"बिया?"

"किरणोत्सारी. तांदळाच्या दाण्याहून लहान. बावीस."

मानेतली गाठ एकदा कापून झाली, एकदा किरणांनी भाजून झाली, तरी मेली परत आली. पुन्हा कापणं शक्य नव्हतं आणि तेवढे किरण मान पुन्हा सोसणार नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी सुईनं या बिया गाठीतच पेरल्या. त्या आतून काम करणार आणि हळूहळू विझत जाणार. तोवर दोन महिने लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईच्या जवळ बसायचं नाही. घरी वहिनीला सातवा महिना. म्हणून तिनं शिलाई मशीन उचललं आणि ही भाड्याची खोली धरली.

सुतारानं पळ काढला नाही. तिला कोपऱ्यात सरकायला लावलं, तिच्या खुर्चीपासून टेपनं मोजलं आणि फरशीवर पेन्सिलनं रेष ओढली.

"ती तुमची हद्द, ही माझी. चालेल?"

कितीतरी दिवसांनी ती हसली.

खिडकी तासाभरात व्हायला हवी होती. ती चांगली तीन आठवडे चालली. आज बिजागरी, उद्या कडी, परवा... काहीच नाही! रेषेपलीकडे स्टुलावर बसून तो चहा प्यायचा आणि अखंड बडबडायचा. तो गेला की खोली खायला उठायची. गिऱ्हाइकांनाही ती मापाचा कपडा दारातच ठेवून जायला सांगे. संध्याकाळी वहिनीचा फोन यायचा, "लवकर या हं." फोन ठेवला की पुन्हा मशीनची खडखड. दिवसच्या दिवस तिला कुणाचा हातसुद्धा लागत नव्हता.

"मला एक शर्ट शिवून द्या ना," एकदा तो म्हणाला.

"जुना शर्ट आणा मापाला."

"जुने सगळे ढगळ. मीच माप घेऊन येतो. मोजणं हा माझा धंदाच आहे!"

दुसऱ्या दिवशी फळीच्या तुकड्यावर आकडे लिहून आणले. छाती तिला जरा कमीच वाटली, पण धंद्यातला माणूस म्हणून ती गप्प बसली. शर्ट अंगात गेला खरा. बटणं मात्र लागेनात, आणि हात वर करताच बगल उसवली.

"छाती मोजलीत तरी कशी?"

"स्टीलच्या टेपनं... या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि मग दुप्पट."

"अहो, तुम्ही काय कपाट आहात?"

हसता हसता तिचे डोळे भरून आले. नीट माप घ्यायला एक पाऊल पुरे होतं आणि तेच तिला उचलवत नव्हतं.

दोन महिने भरले. तपासणीत गाठ निम्म्याहून लहान निघाली. "पुन्हा वाढणार नाही असं मात्र सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "एकट्याच आलात?"

"लांब राहायला सांगितलं होतंत ना..."

"ते मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून. बाकीच्यांना कशाला लांब ठेवलंत?"

तिनं रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. हॉस्पिटलनं दिलेल्या सूचनांच्या कागदावर तिनं ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. भीती बियांची नव्हतीच. कुणी जवळ यावं, आणि गाठ परत यावी... याची होती.

घरी आली तर उसवलेला शर्ट मांडीवर घेऊन सुतार पायरीवर बसलेला. तिनं दार उघडलं. तो सवयीनं रेषेपलीकडे थांबला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ही रेष तुमच्यासाठी नव्हतीच."

"माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलात जाऊन विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, खुशाल जाऊन बस."

"मग इतके दिवस तिकडे का बसलात?"

"तुम्हाला ती हवी होती..." तो बटणाशी चाळा करत म्हणाला.

तिनं मानेवर हात ठेवला. "गाठ परत येऊ शकते."

"ती येईल तेव्हा येईल. मी तर रोज येतोय."

तिनं खुंटीवरची कापडी टेप घेतली आणि रेष ओलांडली.

"हात वर करा."

टेप त्याच्या छातीभोवती फिरली. लाकडाच्या भुशाचा वास इतक्या जवळून तिला पहिल्यांदाच येत होता.

"श्वास सोडा की!"

"सोडला तर माप चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली. "पुन्हा घेईन."