बिननंबरचा फुगा

आठवडी बाजाराचा दिवस, वरून पावसाची झड. अशा दिवशी चामोर्शीत टायपिंग करून घ्यायला कोण येणार? दुकानाचे मालक हेमराजभाऊ भाजी आणतो म्हणून गेले, ते बाजारातच कुठंतरी आडोशाला अडकले होते. दिव्यानी एकटीच काउंटरवर हनुवटी टेकून रस्त्यावरून वाहणारं गढूळ पाणी बघत बसली होती. पोळा होऊन आठवडा झाला होता. शेतात धान गुडघ्यावर आलं होतं, त्यामुळं पाऊस कितीही पडला तरी कोणाचं तोंड वाकडं होत नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण धावत आत शिरला. केस ओले, चष्मा ओला, पँट चिखलानं माखलेली — आणि शर्टाच्या आत पोटाशी धरलेली प्लास्टिकची पिशवी मात्र कोरडी ठणठणीत.

"मराठी टायपिंग होते का जी इथी?"

"बोर्डावर लिवलं आहे न."

"बोर्ड वाचाले आधी चष्मा पुसा लागते," तो म्हणाला आणि खिसे चाचपू लागला. रुमालसुद्धा पिळून काढावा असा निघाला. दिव्यानीनं हसू दाबत मॉनिटर पुसायचं फडकं पुढं केलं. त्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, तिच्याकडं पाहिलं... आणि बोर्ड वाचायचं विसरूनच गेला.

पिशवीतून निघालं एक जाडजूड पुस्तक. पानोपानी चित्रं. कौलांवरून झेप घेणारी तलवारवाली बाई, वाऱ्यावर ताठ उडणाऱ्या तिच्या बाह्या, एका फटक्यात उलटेपालटे झालेले दहा दरोडेखोर. आणि प्रत्येकाच्या तोंडाशी फुगा, फुग्यात काड्यापेटी सांडावी तशी अक्षरं.

"हे टाइप कराचं आहे?" दिव्यानी घाबरली. "माह्या की-बोर्डात हे अक्षरच नाई जी!"

तो खळखळून हसला. त्याचं नाव राजदीप. राहणारा भद्रावतीचा, वडील तिथल्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. पोरगा दिल्लीला जाऊन चिनी भाषा शिकला, आणि आता जवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या चिनी इंजिनिअरांचा दुभाष्या म्हणून चामोर्शीत खोली करून राहत होता. त्यातल्याच एका इंजिनिअरनं हे पुस्तक त्याला दिलं होतं. काही शतकांपूर्वीची चिनी कादंबरी. तिच्यावरून तिकडच्या चित्रकारानं ही लढायांची चित्रकथा काढली होती. नागपूरचा एक प्रकाशक ती मराठीत छापणार होता, रीतसर परवानगीसह.

"मराठी मी करून राह्यलो. तुमी फक्त फुग्यात भराचं. पान नंबर, फुगा नंबर टाकून देत जाईन. जमन न?"

"जमन," दिव्यानी म्हणाली. लग्नपत्रिका आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून ती कंटाळली होती.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं दहा पानं दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम... इथी त माणूस आधी मरून राह्यला, अन् मंग भांडण सुरू होऊन राह्यलं."

"तुमचं पुस्तकच तसं आहे! मले वाटलं, त्याहीच्याकडं तसंच होत असन."

"हे उजवीकडून वाचतेत. पान बी, चित्र बी. असं पाहा..." त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडं सावकाश सरकवलं. मग खाली उतरलेलं ते बोट माउसवर असलेल्या तिच्या हाताशी येऊन थांबलं. "समजलं?"

"हो," दिव्यानी म्हणाली. खरं तर तिला काहीही समजलं नव्हतं. उजवं कोणतं नि डावं कोणतं, हेच क्षणभर तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मग पंचाईत झाली ती जागेची. चिनी चार अक्षरांच्या फुग्यात राजदीपचं मराठी काही केल्या मावेना. तलवारवाली दरोडेखोराच्या छातीवर पाय देऊन उभी होती आणि वहीत तिचं वाक्य होतं : 'हे नराधमा, तुझ्या पापांचा घडा आता काठोकाठ भरला आहे!'

"एवढं बोलेपरेंत तो पळून नाई जाणार?" दिव्यानीनं विचारलं.

"मंग तुमी सांगा. तुमच्या गावची बाई का म्हणन?"

"आमच्या गावची बाई 'लय झालं तुयं' म्हणन, अन् हाणन."

राजदीपनं पेन उचललं, ओळ खोडली आणि वर लिहिलं — 'लय झालं तुयं!' फुग्यात बरोब्बर बसलं. दोघं स्क्रीनकडं बघत राहिले. शेकडो वर्षांपूर्वीची ती चिनी बाई अचानक शेजारच्या गल्लीतली वाटू लागली होती.

त्या दिवसापासून अख्खं पुस्तक इकडच्या झाडीबोलीत बोलू लागलं. कारखाना सुटला की राजदीप दुकानात हजर. हेमराजभाऊ त्याच्यापुढं चहा ठेवत आणि मुद्दाम मागच्या झेरॉक्स मशीनशी खुडबुड करत बसत. 'मॅडम'चं 'दिव्यानी' झालं, 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू रागावली त कशी बोलतं?" तो विचारायचा.

"मी रागावली त बोलतच नाई."

तो लगेच वहीत उतरवून घ्यायचा.

"अन् कोणाची वाट पाहून राह्यली असन त?"

"त... सांगत नाई. उगाच दाराकडं पाहते, अन् कोणी विचारलं त म्हणते, हवा पाहून राह्यली."

तेही वहीत गेलं. पुढच्या आठवड्यात दिव्यानीनं ते वाक्य तलवारवालीच्या फुग्यात स्वतःच्या हातानं भरलं, आणि भरता भरता तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. हा माझं ऐकतो की माझं बोलणं गोळा करतो? मी हसले की त्याचे डोळे चमकतात, ते माझ्यासाठी की पान त्रेसष्टसाठी? रात्रंदिवस चिन्यांचं मराठी नि मराठी माणसांचं चिनी करणारा हा माणूस — याचं स्वतःचं असं वाक्य तरी कोणतं?

विचारावं तर काय विचारावं, हेही कळेना. आणि घरी आईनं, इंदुताईनं, मूल गावच्या एका मुलाची गोष्ट काढली होती. बँकेत होता, घर पक्कं होतं. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की पुढच्याच रविवारी पाहुणे येणार होते. दिव्यानी हो म्हणाली नव्हती. नाही म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं... म्हणजे होतं, पण ते कारण होतं की नुसता भास, हेच ठरत नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी राजदीप घाईघाईत आला. बाहेर कारखान्याची जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"हे शेवटचे कागद. काम संपत आलं, चिनी लोकं पंधरा दिवसांत जाऊन राह्यले. मले चेन्नईहून बोलावणं आलं आहे."

"चेन्नई?" दिव्यानीनं विचारलं. "तिथी का आहे?"

"अशीच एक कंपनी. अजून हो म्हटलं नाई." तो काहीतरी बोलायला थांबला. हॉर्न वाजला. "कागद पाहून घेजो... सगळे."

तो गेला. दिव्यानी कागद लावू लागली. पान चौऱ्याण्णव, फुगा दोन. पान पंच्याण्णव, फुगा एक. आणि मग एका कागदावर नंबर नसलेली एकच ओळ :

'तुयाशिवाय मले करमत नाई.'

 तिनं ओळ दहा वेळा वाचली. हे कोण कोणाला म्हणतंय? तिनं फोन लावला.

"राजदीप, एका कागदावर नंबर नाई. हा फुगा कोणाचा?"

पलीकडं यंत्रांची घरघर, कोणीतरी चिनीत ओरडत होतं. "ज्याच्यासाठी आहे, त्याले समजन..." एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला.

समजेल? कोणाला? तिनं सगळं पुस्तक उजवीकडून डावीकडं पालथं घातलं. रिकामा असा एकच फुगा उरला होता, पान शहाण्णववर. तिथं तलवारवालीचे म्हातारे गुरुजी ओढ्याकाठी आपल्या गाढवाशी बोलत होते.

म्हणजे हे गाढवासाठी होतं तर!

दिव्यानीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. तिनं दात-ओठ खात ती ओळ गुरुजींच्या तोंडी घातली, फाइल नागपूरला पाठवली आणि हेमराजभाऊंकडून आठवड्याची सुट्टी घेतली. घरी चुरणी होतीच. फोन बंद करून तिनं कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.

गाव चामोर्शीपासून दीड कोसावर. खळ्यावर धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचले होते, मळणीयंत्र धडधडत होतं, आणि नव्या धानाची धूळ नाकातोंडात जात होती. शेजारची शकुबाई सुपानं धान उधळत होती. उधळता उधळता तिच्या तोंडी सारखं मूलचं स्थळ. दिव्यानी गुमान पेंढ्या उचलत होती. चौथ्या दिवशी दुपारी अवकाळी ढग भरून आले, आणि त्याच वेळी बांधावरून धडपडत राजदीप आला. पायांत कारखान्याचे जड बूट, हातात पान शहाण्णवचा गुंडाळी केलेला कागद.

तो इतरांकडं न बघता सरळ तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"दिव्यानी, नाई म्हणाचं होतं त साधं नाई म्हणती. गाढवाच्या फुग्यात काऊन टाकलं?"

यंत्र नेमकं त्याच क्षणी बंद झालं होतं. त्याचा आवाज खळ्यावर सगळ्यांना ऐकू गेला. शकुबाईचं सूप हातातच राहिलं.

"तूच दिलं होतं न! अन् तो एकच फुगा रिकामा होता."

"गुरुजीची ओळ मांगच्या बाजूनं होती. 'पाणी पिऊन घे बाबा, लय दूर जाचं आहे.' तू कागद पलटवला नाई?"

 तिनं कागद पलटवला नव्हता. एकाच बाजूवर तिचं मन अडकलं होतं.

"मंग समोरची ओळ..." ती अडखळली. "ते पुस्तकातलं नाई?"

"नाई." त्याचे कान लाल झाले. "ते मी लिवलं. माह्या मनातलं. दुसऱ्याचं बोलणं करता करता मले आपलं बोलताच येत नाई, म्हणून लिवून देल्लं. प्रकाशकाचा फोन आला, म्हणते गाढवाचा डायलॉग भन्नाट आहे, ठेवाचाच. मी चार दिवस झोपलो नाई. तुया फोन बंद. मले वाटलं, थट्टा केली तू माही."

"मीच चार दिवस रडून राह्यली, म्हणून..."

"कोण आहे हा?" इंदुताई पदराला हात पुसत पुढं आली.

"मी राजदीप, बाई. भद्रावतीचा. सोमाजी रामटेकेचा पोरगा."

आडनाव ऐकलं आणि खळ्यावर सगळे गप्प झाले. शकुबाईनं इंदुताईकडं पाहिलं, इंदुताईनं धानाच्या राशीकडं.  भद्रावतीचं ते घर दिवाळीपेक्षा चौदा एप्रिलला जास्त उजळणार, हे आडनावावरूनच सगळ्यांना कळलं होतं. राजदीपलाही ही शांतता ओळखीची असावी. त्यानं मान खाली घातली नाही, पण हातातला कागद मात्र त्याच्या मुठीत चुरगळला.

"आई," दिव्यानी म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "मूलच्या पोराले मी हो म्हणणार नाई. मले याच्यासंगं..."

तिचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. टप्, टप् — टपोरे थेंब थेट उघड्या राशीवर पडू लागले. अख्ख्या वर्षाचं धान! सगळे धावले. ताडपत्री एका टोकाला पुंजण्याखाली दबलेली, वाऱ्यानं दुसरं टोक फडफडतंय, दिव्यानी पाय रोवून ओढतेय, आणि इंदुताईचा आवाज सगळ्या गोंधळावर चढला :

"ओ रामटेके! उभे का राह्यले जी? तिकडचं टोक ओढा न!"

राजदीप झेपावला. जड बुटांनी तीन वेळा घसरला, पण टोक सोडलं नाही. रास झाकली, कडेनं दगड ठेवले, आणि मग सगळे मांडवाखाली दाटीवाटीनं उभे राहिले. सगळ्यांच्या अंगाखांद्यावर भुसा. राजदीपचा चष्मा पुन्हा धुऊन निघालेला, त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. दिव्यानी त्याच्या शेजारी सरकली.

"चेन्नईले हो म्हटलं का?" तिनं हळूच विचारलं.

"नाई. नागपूरवाला म्हणते, आणखी चार पुस्तकं आहेत. पैसे कमी भेटतीन. अन् टायपिंग कराले कोणी पाह्यजे."

"टायपिंगसाठीच पाह्यजे?"

"दिव्यानी..."

"मलेई करमत नाई," ती म्हणाली. पावसाचा आवाज मोठा होता म्हणून तिनं पुन्हा, जरा जोरात म्हटलं, "तुयाशिवाय. मलेई नाई करमत."

एवढ्या जोरात म्हणायला नको होतं. शकुबाई तोंडाला पदर लावून दुसरीकडं वळली. इंदुताई मात्र बाहेर पावसाकडं पाहत राहिली. तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. नवरा गेल्यापासून सगळे निर्णय तिनं असेच, उभ्याउभ्या घेतले होते.

"शकु," शेवटी ती म्हणाली, "मूलवाल्याले फोन लाव. म्हणाव, या रविवारी येऊ नका."

"अन् मंग कधी या म्हणू?"

"तसं काई म्हणू नको." इंदुताई वळली. राजदीपकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातल्या गाठोड्यातून भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. "खा आधी. सगळ्यात आधी तुया माय-बापाले माह्याशी बोलू दे. मंग पाहू."